आईचे धवळे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? विचारू नका — मलाच त्याचा संशय येतो. चूक कबूल करताना आपण किती प्रामाणिक हेही माणसाला दाखवायचं असतंच की नाही? असेल. तुम्ही माझ्यावर फार विश्वास ठेवू नका, म्हणजे झालं.

संशय ही माझी जुनी खोड. कोळीण म्हणाली मासळी ताजी आहे, की मी कल्ले उघडून बघणार. कुणी माझ्या कथेचं कौतुक केलं की मनात पहिलं येणार — ह्याला आता माझ्याकडून काय हवंय? मी भिवंडीत कॉलेजात मराठी शिकवतो, कथा लिहितो. मूळचे आम्ही अंजूरचे, आगरी. आई अजून तिथेच असते, जुन्या घरात. घरासमोर आमचं शेत होतं, तिथे आता गोडाऊन आहे.

ही खोड लागली कशी? तरुणपणी ठाण्याच्या एका मेळाव्यात मी कथा वाचली होती. घरच्या बोलीत, हाय-न्हायसकट. लोक हसले. विनोदी नव्हती हो — त्यात एक बाई मरते! नंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमाने विचारलं, "तुमच्यात लिहितात का असं? की कुणी लिहून दिलं?" मीही हसलो. काय करणार होतो? पण त्यानंतर मी पुस्तकी मराठीच लिहिली, आणि आई काय करते हे कुणाला सांगणं बंद केलं.

आई धवलारीण. आमच्या लग्नांत नुसता भटजी पुरत नाही, धवलारीण लागते. हळद लागते तेव्हा ती धवळे गाते, गाण्यातून देवांना, पितरांना, सगळ्यांना लग्नाचं आवतण देते. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. कॉलेजात कुणी विचारलं तर मी सांगायचो, आई घरीच असते. सोपं उत्तर आहे ते, पुढे कुणी काही विचारत नाही.

टाळतोय ना मी? कळतंय मला. येतो मुद्द्यावर.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका वाचनालयाने कथास्पर्धा घेतली. परीक्षक आम्ही तिघे — ठाण्याचे दोघे आणि मी. कथांवर नावं नव्हती, ती वाचनालयाने वेगळी ठेवली होती. त्यातल्या एका कथेत एक म्हातारी धवलारीण होती. तिचं शेत गोडाऊनखाली गेलंय. नातवाच्या हळदीला ती सगळ्या देवांना बोलावते आणि शेवटी त्या गेलेल्या शेतालाही बोलावते — मांडवात ये म्हणून. वाचताना मी रडलो. खरंच रडलो. पहिला नंबर हिलाच, असं मीच म्हटलं, बाकीच्यांनीही तोच दिला.

मग नाव उघडलं. सुमय्या. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली मुलगी, अंजूरच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायची ड्युटी.

माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या दोघांच्या नाही, हे नीट लक्षात घ्या. ते तर खूश होते. मीच म्हणालो, जरा चौकशी करायला हवी. भाषेची शंका मला नव्हती — तिच्या घरची बोली आमच्या बोलीची सख्खी बहीण आहे, हे भिवंडीत कोण नाही जाणत? पण धवळे? ते आमच्या बायकांच्या तोंडचे. हिच्याकडे कुठून आले? आमच्यातल्याच कुणाकडून लिहून घेतलं असणार, म्हटलं. दोघे लगेच मागे सरले. म्हणाले, तुम्ही इथले, तुम्हाला जास्त ठाऊक. बघा, किती सोपं असतं ते.

तिला वाचनालयात बोलावलं. अर्धी शिफ्ट सोडून आली होती बिचारी, गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र तसंच. डोक्यावर ओढणी, हातात पाण्याची बाटली. बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. मी विचारलं, "तुमच्यात गातात का हे? की कुणी लिहून दिलं?"

पाठीवर हात तेवढा ठेवला नाही मी.

ती म्हणाली, कथा मीच लिहिली, धवळे एका आजींकडून ऐकले, त्यांना विचारूनच घेतले. मी म्हणालो, मग त्या आजींचं नाव सांगा, आम्ही जाऊन विचारतो, विषय मिटला. ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. काय होतं ते मला अजून लावता येत नाही.

"नाव नाही सांगणार सर," ती म्हणाली. "शब्द दिलाय त्यांना. त्यांच्या मुलाला आवडणार नाही."

मी म्हणालो, नाव मिळत नाही म्हणजे शंका राहतेच. कथा बाद करावी. ती आम्हा तिघांच्या टेबलाला नमस्कार करून निघून गेली.

त्या रविवारी अंजूरला गेलो. आईला आडून आडून विचारलं. आधी तिने जरा टाळलं, मग मोकळेपणाने सांगायला लागली. गोडाऊनमधली एक पोर दुपारी डबा घेऊन ओट्यावर यायची, आत बायकांना बसायला जागा नाही म्हणून. आई तिला सुकटाची चटणी द्यायची, ती आईला तिच्या डब्यातलं. बोलता बोलता धवळे निघाले.

"मीच सांगलाय तिला," आई म्हणाली. "कोनाला तरी सांगाला हवा ना. तू कवा बसलास माझ्यापाशी?"

शेताला आवतण आईनेच दिलं होतं, माझ्या पुतण्याच्या हळदीला. मी तेव्हा बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होतो. कॉलेजातले दोघे-तिघे आले होते, त्यांना मांडवात जाऊ न देता बाहेरच सरबत पाजलं.

तर मला रविवारी कळलं — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं.

मला वाचनालयातच कळलं होतं. 'त्यांच्या मुलाला आवडणार नाही' म्हणाली तेव्हाच माझे कान तापले. गोडाऊन अंजूरचं, शेत गोडाऊनखाली गेलेली धवलारीण आजी, आईच्या दारावर माझंच आडनाव, आणि टेबलावर माझ्यापुढे तेच आडनाव लिहिलेली पाटी. समोर कोण बसलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक नाव घेतलं असतं तर बक्षीस तिचं होतं, आणि ठाण्याच्या त्या दोघांसमोर मी उघडा पडलो असतो. तिने घेतलं नाही. माझ्या आईसाठी? की मला आयुष्यभर चावत राहावं म्हणून? बघा, अजून तिच्यावरच संशय घेतोय. ती बोलणार नाही याची खात्री झाली आणि मग मी म्हणालो, बाद करा. लाज वाटते मला. पण तेव्हा वाटलं ते हायसं.

नंतरही एक फोन करता आला असता. केला नाही. तिने कथा ढापली असं गावभर झालं, तेही मी ऐकून घेतलं. दर दिवाळी अंकात आधी अनुक्रमणिका बघतो. तिचं नाव कुठेच नसतं.

ओट्यावर यायचंही तिने बंद केलं. आईचे डोळे आता अधू झालेत, गुडघ्यांनी अंगणाबाहेर जाता येत नाही. मी गेलो की विचारते, "ती पोर कनाला येत न्हाय रे आता?" मी सांगतो, तिचं गोडाऊन बदललं, वडप्याला गेली.

मागच्या महिन्यात कॉलेजला सुट्टी होती म्हणून मधल्या वारी गेलो. दुपारी आईसोबत ओट्यावर बसलो होतो. समोर गोडाऊनच्या भिंतीला टेकून, उभ्या ट्रकच्या सावलीत सुमय्या डबा खात होती. तिने मला पाहिलं, मग आईला पाहिलं, आणि आईकडे बघतच राहिली. आईचं तोंडही तिकडेच होतं.

"लांब गेली ती," आई म्हणाली.

मी हो म्हणालो.