खरवसाच्या वाट्या

आमच्याकडे गाय व्याली की वासराआधी शेजाऱ्यांचं पोट भरत असे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, चिकाची एक धारही वाया जाऊ देत नसत. वाया म्हणजे वासराच्या तोंडात. "चीक जड असते, वासराले पचत नाही," असं त्या ठासून सांगायच्या. मग गूळ-वेलची घालून खरवस व्हायचा आणि वाट्या भरभरून गल्लीत जायच्या. वासरू खुंट्याला बांधलेलं, हंबरून हंबरून घसा बसवून घ्यायचं.

चार-सहा दिवसांत त्याला हगवण लागायची आणि ते मान टाकायचं. आत्याबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "नजर लागली वं माय! कोनाच्या तरी घरची वाटी राहिली." पुढच्या वेताला मग आणखी दोन घरं वाढायची. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला! महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता, पण आमच्या गुरांच्या कोठ्यात कायदा जुनाच चालू होता.

ती गाय माझ्या वडिलांनी मला आंदण दिलेली. तिची दोन वासरं अशीच गेली. त्यात माझा पहिला मुलगाही बारशाआधी हगवणीनंच गेलेला. आत्याबाईंना आयतंच सापडलं. "जशी गाय तशी सून," त्या भर विहिरीवर बोलल्या. माझ्या अंगाची लाही झाली, पण पोटात दुसरं होतं अन् तोंडाला पदर. गाय पुन्हा गाभण होती. आत्याबाईंनी निकाल देऊनच टाकला, यंदा वासरू गेलं की गाय मोताळ्याच्या बाजारात. माझा निकाल त्यांनी सांगितला नाही, पण मला तो समजत होता.

तर ती गाय एका संध्याकाळी रानातून परतलीच नाही. आमचे हे नाल्यानाल्यानं शोधून दमले. माझ्या डोळ्यांपुढे सारखा लांडगा यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब डुलत डुलत घरी आल्या, मागे एक तांबडी कालवड उड्या मारत. मी गाईच्या गळ्यात पडून रडले.

आत्याबाईंनी आधी कास पाहिली. दूध काढून चुलीवर ठेवलं, तर ते घट्टच होईना. चीक संपला होता.

"सारा पेऊन बसली वं ही सटवी! आता लोकाइच्या घरी काय धाडू?"

एवढ्या उपाशी नजरा लागल्यावर कालवड आठवडा काढत नाही, असं त्यांनी गल्लीला सांगून ठेवलं. कालवड मात्र महिना झाला तरी मरायचं नाव घेईना. "नजरेचा काया दोरा बांधला म्हून," आत्याबाई म्हणाल्या.

शेण काढताना मात्र माझं डोकं थांबत नव्हतं. गाईचा चीक गल्लीला चांगला, म्हणून तो वासराला द्यायचा नाही. बाईचा चीक वाईट, म्हणून तो पिळून टाकायचा अन् लेकराला तीन दिवस गुळाचं पाणी चाटवायचं. धन्य ते शहाणपण! दोन्हीकडे उपाशी कोण राहतं, एवढं कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

यथावकाश मला मुलगी झाली. आत्याबाई गुळाच्या पाण्याची वाटी अन् कापसाचा बोळा घेऊन आत आल्या, तोवर पोर माझ्या छातीशी लागली होती.

"अवं, चीक हाय तो! पचन का तिले?"

"आत्याबाई, कालवडीले पचला."

त्या हातातल्या वाटीकडेच पाहत राहिल्या. माझ्या लेकाला मांडीवर घेऊन याच वाटीनं त्यांनी पाजलं होतं. माझ्याजवळ बसून त्यांनी वाटी पदराखाली झाकली अन् त्या हुंदके देऊन रडू लागल्या.

हा दिवस आला की चांगलं सुनावायचं, असं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. पोर चुटूचुटू पीत होती. मी एका हातानं तिला धरलं आणि दुसरा आत्याबाईंच्या पाठीवर ठेवला.