मामाची साक्ष

धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नव्हती. खाटकानं शटर वर ढकललं, दिवा लावला आणि आधी मटण तोडायच्या ओंडक्याकडे गेला. रात्री मीठ फासून झाकलेला ओंडका सकाळी तारेच्या ब्रशनं खरवडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, मगच आकड्यांवर माल चढवायचा. हा क्रम त्यानं बापाकडून घेतला होता. थंडीत आता बोटं आखडतात, पण वय झालं असं तो म्हणत नाही. सुऱ्यांना पूर्वीसारखं पोलाद येत नाही, म्हणतो.

गल्लीत त्याला सगळे मामाच म्हणतात. सख्ख्या बहिणीचा मोठा मुलगा शाळेपासून या दुकानात वाढला. दिवसभर त्याचं ‘मामा, सुरा दे’, ‘मामा, पाणी तापलं’ चालायचं. ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांनी उचललं, आणि बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव मागे पडलं. भाचा उंच, म्हणून लांबू. बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभा राहिलेला धर्मपिताही हाच मामा. ज्याच्या तोंडून हे नाव गावभर झालं, तो आता रस्त्यात दिसला तर मान हलवतो आणि पुढे जातो. हाक मारत नाही.

सरहद्दीवर लढाई सुरू झाली तेव्हाची गोष्ट. जवान मुलांना सक्तीच्या भरतीची बोलावणी आली, तसं लांबूलाही आलं. त्यानं घरी सांगितलं, मी बंदूक घेणार नाही. त्याच्या आईनं डोक्याला हात लावला, आणि मामाचं तर टाळकंच फिरलं. दोघांनी मिळून त्याला फादरांकडे नेलं, म्हणजे ओढूनच नेलं. मामाची खात्री होती की फादर याची चांगली खरडपट्टी काढतील.

फादर तेव्हा मिस्सेच्या उपासनेचे कपडे घडी करून कपाटात ठेवत होते. म्हणाले, “कोणी दार फोडून घरात शिरलं तर घरच्यांना वाचवण्याचा हक्क चर्च काढून घेत नाही. पण आधी बाकीचे सगळे उपाय करून बघायला हवेत. आणि वाचवण्यापेक्षा नासाडीच जास्त होणार असेल, तर तोही हक्क उरत नाही.”

“म्हणजे जायचं की नाही? एक काय ते सांगा.”

“प्रामाणिकपणे राखण करणारा शिपाई शांतीचंच काम करतो. आणि ज्याचं अंतःकरण शस्त्र उचलू देत नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नये, त्यानं लोकांची दुसरी सेवा करावी. दोन्ही शिकवणी आपल्याच चर्चच्या आहेत.”

“फादर, माझ्या दुकानात गिऱ्हाईक असं बोललं ना, तर मी म्हणतो, आधी घरून ठरवून ये.”

फादर हसले. लांबू हसला नाही. म्हणाला, “मामा, मी पळत नाहीय. जखमींना उचलायला पाठवा म्हणतोय. गोळ्या तिथेही येतातच.”

“मग बंदुकीनं काय घोडं मारलंय?”

“ती उचलली की समोरच्याला मारावं लागतं.”

“आणि आपण इथे बोकडं कापतो ते काय?”

“बोकडाला मी शेजारी म्हणत नाही, मामा.”

मामानं फादरांच्या कपाटाची कडी उगाचच लावली आणि निघाला.

कायद्यात तशी सोय होती. अर्ज करायचा, मग तिघा साहेबांसमोर सुनावणी व्हायची, आणि लहानपणापासून ओळखणाऱ्या एका माणसानं साक्ष द्यायची की हे ढोंग नाही, पोरगा मनापासूनच असा आहे. लांबूचे वडील केव्हाच गेलेले. धर्मपिता म्हणून मामाशिवाय कोण जाणार?

मामानं लग्नातला कोट काढला. पोटावर बटण लागेना, तसाच उघडा घातला. सुनावणीच्या कचेरीत लांबलचक बाक होतं. त्यावर भरतीला आलेली इतर मुलं आणि त्यांचे बाप बसलेले. कोणीतरी विचारलं, हा कशासाठी आलाय? दुसऱ्यानं सांगितलं. मग बाकावर हळूच खसखस पिकली. एक म्हातारा तर लांबूकडे बघून अगदी मायेनं म्हणाला, “असू दे रे बाळा, सगळ्यांचंच काळीज घट्ट नसतं.” मामाचे कान तापले. लांबूनं मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आत मधल्या खुर्चीवरचे साहेब फार सभ्य होते. त्यांनी मामाला बसायला सांगितलं, धंद्याची चौकशी केली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “भाचा दुकानात मदत करतो म्हणता. रक्त बघून त्याला भोवळ वगैरे येते का?”

मामा बसला होता तो उठून उभा राहिला. काय बोलायचं ते फादरांनी त्याच्याकडून चांगलं घोटून घेतलं होतं. मुलगा प्रार्थनेला बसतो, भांडण मिटवायला जातो, आजाऱ्यांना भेटतो, आणि हे सगळं खरंच होतं. पण कानात त्या म्हाताऱ्याचं बोलणं होतं.

“साहेब, माझ्या भाच्याला भित्रा समजू नका,” तो म्हणाला. “भोवळ कसली? दावं तोडून सुटलेला बैल यानं एकट्यानं शिंगांना धरून पाडलाय. आमच्या गल्लीत दोन गुंड एका म्हातारीला त्रास देत होते, त्यांना यानं असं बडवलं की एकाचा जबडा बांधावा लागला. आणि सुरा चालवावा तर यानंच. हात म्हणून थरथरत नाही.”

“जबडा?” साहेबांनी विचारलं.

“जबडा,” मामा छाती काढून म्हणाला.

“आभारी आहे. तुमच्या साक्षीनं आमचं काम सोपं झालं.”

मामाला वाटलं, जिंकलो. त्यानं वळून लांबूकडे पाहिलं. लांबू खाली मान घालून मामाच्या बुटांकडे बघत होता.

अर्ज नामंजूर झाला. ज्याला हाणामारीचं वावडं नाही, रक्ताचं नाही, त्याचा विवेक फक्त बंदुकीपाशीच कसा आडवा येतो, असं साहेबांनी वाचून दाखवलं. आता नाही म्हटलं तर तुरुंग होता. आई त्याच्या पाया पडली, आणि आईसाठी लांबू गेला. गाडीत चढताना त्यानं मामाला मिठी मारली होती, हे मामाला पुढे फार छळत राहिलं.

तो धडधाकट परत आला. मामानं त्या दिवशी दुकान धुऊन काढलं, बापाचा जुना सुरा परजला आणि लांबू दारात दिसताच मुठीकडून त्याच्यापुढे धरला. “घे, तुझी वाटच बघतोय हा.” लांबूनं सुऱ्याकडे पाहिलं, “नको,” म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. पुढे तो एका बेकरीची पावाची गाडी चालवायला लागला.

का नको, ते मामाला बहिणीकडून कळलं. तिकडे एका पडक्या घराच्या उंबऱ्यात लांबूच्या समोर अचानक एक माणूस आला होता. त्याच्या हातात काय होतं ते नीट दिसलं नाही. गोळी झाडल्यावर दिसलं. पाण्याचं भांडं होतं. लांबूनं आईला एवढंच सांगितलं आणि पुढे म्हणाला, “मामा बरोबर बोलला होता. हात थरथरला नाही.”

मामा तेव्हा फादरांकडे गेला, गुडघे टेकून सगळं बोलला. फादर म्हणाले, “तू खोटं बोलला नाहीस. त्याची शांती तुला कमीपणाची वाटली, तिथे चुकलास. देवानं क्षमा केली. भाच्याकडून मात्र ती तुलाच मागावी लागेल.” मामा हो म्हणाला होता. पण आज मागू, उद्या मागू करत ते राहूनच गेलं. लांबू समोर आला की त्याला नेमकं हवापाणी सुचायचं.

धुक्यातून बहीण दुकानात आली तेव्हा तो बोकडाची मांडी आकड्याला लावत होता.

“ताई, इतक्या सकाळी?”

“धाकट्याची सुनावणी आहे आज. त्यानंही अर्ज केलाय.”

मामाला ठाऊक होतं. धाकट्या भाच्याचं बोलावणं आल्याचं गल्लीत कळलं तेव्हापासून तो मनात वाक्यं जुळवत होता. या खेपेला बैल नाही, जबडा नाही, जे सांगायचं तेच सांगायचं. त्यानं हात पुसले. “कोट काढून ठेवलाय मी. आलोच.”

“तू येऊ नकोस. साक्ष लांबू देणार आहे.”

“लांबू?”

“म्हणाला, तिकडे काय होतं ते मीच सांगतो, म्हणजे याला का जायचं नाही ते त्यांना कळेल.”

“मग मी नुसता बाहेर बाकावर बसतो. गप्प.”

“तू आणि गप्प,” ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं. “त्यालाच नकोय रे. दोघं कोपऱ्यावर गाडीत आहेत. मी निघते.”

“ताई, त्याला सांग—”

“मी निरोप नेणार नाही. मध्ये पडून दमले मी आता.”

मामा अंगावरच्या एप्रनसकट तिच्या मागे निघाला. कोपऱ्यावर पावाच्या गाडीचं इंजिन चालू होतं. बहीण पलीकडून चढली. मामानं लांबूच्या बाजूची काच वाजवली. लांबूनं ती थोडी खाली केली, पण हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

“लांबू, त्या दिवशी मला तुझी लाज वाटत होती,” मामा म्हणाला. “ती झाकायला मी बोललो. मला क्षमा कर.”

लांबू समोरच्या धुक्याकडे बघत राहिला. “माहीत आहे मला. टाचा वर करून बोलत होतास तू. म्हातारा झाला तरी मामा उंच दिसायला बघतोय, असं वाटलं होतं. तेव्हा राग नव्हता आला.”

“आणि आता?”

“आता क्षमा केली म्हणायला जमत नाही. उगाच तोंडदेखलं म्हणत नाही.”

मागून धाकटा म्हणाला, “दादा, उशीर होईल.”

“निघालोच,” लांबू म्हणाला. मग मामाकडे न बघता पुढे बोलला, “आत जा. थंडी आहे.”

गाडी वळली. तिच्या मागचा दिवा धुक्यात जरा वेळ लाल दिसला, मग दिसेनासा झाला. मामा तिथेच उभा राहिला. आता ते तिघे साहेब लांबूला काय काय विचारतील, आणि तो उंबऱ्यातला माणूस त्याला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर कसा उभा करावा लागेल, ते त्याला दिसत होतं. तेव्हा स्वतःची साक्ष नीट झाली असती तर आज लांबूकडे सांगायला काही नसतं.

दुकानात शिंपीणबाई पिशवी घेऊन ताटकळत होती. “मामा, उघडं टाकून कुठे गेला होतास? मांजरं बसली होती टपून.”

“इथेच, कोपऱ्यापर्यंत.”

“नळ्या दे. सूप करायचंय, सासऱ्यांना ताप आहे.”

त्यानं हात धुतले, आकड्यावरून नळी काढून ओंडक्यावर ठेवली आणि सत्तूर घेतला.

“मधोमध फोडून देऊ?”

“दे. आणि तुकडे उडवू नकोस, मागच्या खेपेला दाताखाली आला होता.”

“बरं,” तो म्हणाला, आणि नळी डाव्या हातानं घट्ट धरली.