अप्पांचं चॅनल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, पण समजून वगैरे घेऊ नकोस. समजून घेणाऱ्यांची मला चीड येते.

व्हिडिओवाल्या त्या बड्या कंपनीच्या विरोधात मी ठिकठिकाणी बोलतो, ऐकलं असशील. आपली गाणी तिच्या दावणीला बांधू नका, मनात आलं की उडवून टाकतील — ठाकुर्लीच्या वाचनालयात तर टाळ्या पडल्या. आणि दाखला कुणाचा देतो? माझ्याच वडिलांचा.

अप्पा आंबिवलीला चाळीत राहतात, भीमगीतं गातात. त्यांचं चॅनल मीच काढून दिलेलं. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून गाणं चढवलं की मूळ प्रत पुसायचो. खाली कुठकुठल्या गावांतून लोक 'जयभीम' लिहायचे. अप्पा ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचे.

मी राहतो डोंबिवलीत, टॉवरमध्ये. आमच्या आडनावावरून काही कळत नाही — आणि मीही कधी कळू दिलं नाही. भित्रा मेला, दुसरं काय! एकदा लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "वडील गातात वाटतं तुमचे? मोबाइलने आपणहून दाखवलं हो. मागे कोरसमध्ये तुम्हीच ना?" हसले, उतरले. काय वाईट बोलले? काही नाही.

घरी आलो, दार लावलं आणि — चॅनल मी उडवलं. कंपनीने नाही, मी. सगळीच्या सगळी गाणी. ढोलकीवर साथ करणारे शांताराममामा तोवर वारले होते. त्यांची ढोलकी आता कुठेच नाही.

अप्पांनी त्यानंतर त्या कंपनीचं काही उघडलंच नाही. बसलेल्या आवाजात गाणी नव्याने म्हटली, पेन ड्राइव्हवर घेतली. विहारात वाटतात, आणि सांगतात, कुणावर विसंबू नका, माझा मुलगा सांगतो ते खरंय. त्यावरूनच लोक मला बोलवायला लागले. कंपनीला शिव्या घालताना मला काय जोर चढतो म्हणून सांगू!

पण मी कंपनीचं नाव पुढे केलं, त्या दिवशी अप्पांनी एकच विचारलं, "आपली जात बघून काढलं असणार रे त्यांनी. हो ना?"

मी हो म्हणालो. सगळ्यात तेवढंच खरं होतं — जात बघूनच काढलं होतं.