दरवाजा ठेव, काठी काढ

वडिलांच्या पायाचं हाड मोडलं नसतं, तर त्यांनी माझी पुस्तकं कधी हातात धरली नसती. पुणतांब्याला घरासमोरच त्यांची मोटारसायकल घसरली आणि दीड महिन्याचं प्लास्टर घेऊन ते नगरला, माझ्या सावेडीच्या फ्लॅटवर राहायला आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. वर्गात शुद्ध बोलायचे, घरात पुणतांब्याचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्र निविदांच्या जाहिरातींसकट वाचून काढलं. मग मी पुन्हा वाचत बसले होते ते पुस्तक मागितलं.

तो इंग्रजीतल्या सात भागांच्या मालिकेचा पहिला भाग होता. समुद्राकाठचं एक ओलं, परकं शहर. नायिका तिथल्या महापालिकेत लिफ्ट तपासायच्या कामाला. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये तिला इतरांना न दिसणारं एक बटण दिसतं. ते दाबलं की तळघराच्याही खाली एक मजला लागतो आणि तिथं शहरातली सगळी भुतं परवान्यासाठी रांगेत उभी असतात. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्त-लघवीच्या बाटल्या हाताळल्यावर संध्याकाळी त्या मजल्यावर जाऊन आलं की मला माणसात आल्यासारखं वाटायचं. भुतांत जाऊन माणसात येणं, म्हणा.

दादांनी मुखपृष्ठ लांब धरून पाहिलं. "भुतं हायेत का यात?"

"आहेत."

"आपल्या घरातनं भुतं घालवायला दोन पिढ्या गेल्या. आन् तू ती कुरियरनं मागवतीस?"

टोमणा मला नवा नव्हता. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले टोपलीभर देव गोदावरीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडे अंगारा नाही, गंडा नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की दादा हातात बॅटरी देऊन म्हणत, जा, बघून ये. त्यामुळं मी नुसतं पुस्तक त्यांच्याजवळ ठेवलं आणि कुकर लावायला गेले.

त्यांनी ते तीन दिवसांत संपवलं. खोड्या काढायला वाचलं, हे उघड होतं. पण खोड्यांच्या आधी कौतुक निघालं. "लिफ्टचं गणित बरोबर हाय. वजनाचा तोल, दोर, ब्रेक, समदं शिकून लिव्हलंय बाईनं." भुतांच्या रांगेवर तर ते मोठ्यानं हसले. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला कारकून विचारतो, हयातीचा दाखला कुठाय. दादा निवृत्तिवेतनवाले, त्यांना तो कारकून ओळखीचा वाटला.

दुसरा भाग त्यांना सगळ्यात आवडला, मलाही तोच. तिसऱ्यात लेखिकेनं नायिकेला दोन प्रियकर दिले आणि गोष्ट आमटीत पाणी ओतल्यासारखी वाढवली, यावर आमचं एकमत झालं. नायिका कधी दमत नाही, यावरही झालं. "बरगडी मोडून दुसऱ्या दिवशी शिडी चढती," दादा म्हणाले. "माझा पाय बघायला ये म्हनाव तिला." नवरा पाळीवरून आला की आम्ही दोघं वाद घालताना दिसायचो. आई गेल्यापासून मी दादांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, हे सांगून टाकते.

चौथ्या भागात ते अडले. तिथं नायिकेला कळतं की आपल्याला ते बटण दिसतं, कारण आपली आई शहरातल्या सात जुन्या घराण्यांपैकी एकातली. वाडवडिलांची शक्ती तिच्या रक्तात जागी होते. तो प्रसंग वाचताना मी दोनदा रडले होते.

दादांनी पुस्तक मिटलं. "म्हंजे जन्मावर आलं."

"तसं नाही दादा. अशा गोष्टींत तशी प्रथाच असते."

"प्रथाच म्हनून सांगत्यात समदे." त्यांनी चष्मा काढला. "तीन भाग ती लिफ्ट शिकली, हात काळे केले. आन् ऐन वक्ताला कामाला काय आलं? रक्त. मग आमी शाळा कशापाई काढल्या?"

त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट होती. दोन वर्षांपासून मी स्वतः एक कादंबरी लिहीत होते, मराठीत, नगरवर. शेवटची एसटी गेली की जुन्या वेशीच्या जागी एक दरवाजा उघडतो आणि त्यापलीकडे दुसरं नगर असतं. तो दरवाजा दिसतो फक्त माझ्या नायिकेला, लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मुलीला. का, तर तिचे पूर्वज गावच्या वेशीची राखण करणारे येसकर. घुंगरं बांधलेली त्यांची काठी तिच्या हातात आली की दरवाजा उघडायचा. ती काठी मी आत्याच्या तोंडून ऐकली होती आणि मला तिचा अभिमान वाटायचा. आपल्याकडंही काहीतरी होतं, असा.

मालिकेतला दोष माझ्याही कादंबरीत होता, तोही मधोमध. तरी मला वाटलं, दादा माझं वाचतील तेव्हा पाघळतील, आपल्याच माणसांचा मान वाढवलाय म्हणतील. म्हणून लॅबमधल्या प्रिंटरवर पानं काढून आणली आणि त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी नापसंत केलं तर मी लिहिणं सोडणार, असं मनात धरलं होतं. माझं लिखाण दुसऱ्या कुणाला दाखवायचं धाडस मला कधी झालं नसतं.

त्यांनी दोन दिवस घेतले. या वेळी हसणं नाही, खोडी नाही. जेवण झाल्यावर मला समोर बसवलं.

"काठी कुठं हाय ठावं हाय का तुला?"

"नाही."

"देवांच्या टोपल्यात घालून तिबी नदीत सोडली तुझ्या आजानं. थंडीत रातभर वेशीत बसायचं, कुनी हाक मारली की पळायचं, आन् सकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. ते काम तेनं निवडलं नव्हतं, जन्मानं गळ्यात आल्तं. आन् घुंगरं कशापाई? तर कोन येतंय ते लांबनंच कळावं म्हनून." त्यांनी प्लास्टरचा पाय सरळ केला. "माझी आई सांगायची, काठी सोडली तवा तो पान्यात उभा राहून हसत हुता. तू ती काढून, सोन्याचा मुलामा देऊन, परत पोरीच्या हातात दिली."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो मी झाले होते. पण त्या क्षणी मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, राग आला. दीडशे पानं लिहिली होती मी. "मग फाडून टाकू का?" मी विचारलं.

"फाडायचं कोन म्हनलं? नगर झ्याक उतरलंय. तो एसटी स्टँड वाचताना मला चहाचा वास आला." त्यांनी पानं सारखी करून माझ्याकडं सरकवली. "दरवाजा ठेव, काठी काढ."

मी दोन दिवस धुसफुसत होते. भाजीत तिखट जास्त पडलं. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. मग सुट्टीच्या दिवशी मी लिहायला बसले आणि काठी काढली. काठी गेल्यावर नायिकेकडं काहीच उरलं नाही, हे लगेच कळलं. दीडशे पानांत मी तिला काही शिकवलंच नव्हतं. तेव्हा शिकवायला घेतलं. स्टँडवर फुलं विकणारी एक म्हातारी तिला दरवाजा बघायला शिकवते. शिकायला महिने लागतात, चुकतं, डोळे दुखतात, आणि जो कुणी येऊन बसेल त्याला ती शिकवते. लिहिताना पहिल्यांदाच मला माझी नायिका आवडायला लागली.

तोवर दादांनी मालिका संपवली. सातव्या भागाच्या अखेरीस नायिका एका रखवालदाराच्या बायकोला, ती सातांपैकी कुठल्याच घराण्यातली नसताना, ते बटण बघायला शिकवते. दोनच पानं आहेत. मी पूर्वी ती भरभर उलटली होती. "उशिरा सुचलं बाईला, पन सुचलं," दादा म्हणाले आणि सातही भाग ओळीनं कपाटात लावून दिले.

प्लास्टर निघालं आणि ते गावी गेले. दर रविवारी विहारात ते मुलींना विज्ञान-गणित शिकवतात. जाताना माझी नवी प्रकरणं पिशवीत घातली, कशाला ते सांगितलं नाही. मी समजले, प्रवासात वाचायला.

परवा रविवारी दुपारी फोन आला. "पोरींना वाचून दाखवलं," ते म्हणाले. दादा, आणि भुताची गोष्ट, आणि तीही विहारात.

"मग? काय म्हणाल्या?"

"गप बसून ऐकलं. मग सातवीतली एक उठली. मला म्हनली, गुरुजी, त्या म्हातारीकडं शिकायला गेलं, तर ती आडनाव विचारती का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"न्हाई विचारत, म्हनून सांगितलं. सांगून तर बसलोय मी. आता शेवटच्या पानापर्यंत म्हातारीला ते विचारू देऊ नको."