नकार शिकवणारा वर्ग

तैपेईच्या भाषाकेंद्रात पहिल्याच दिवशी सही करून घेतली: इमारतीत असेपर्यंत चिनीखेरीज एक शब्द बोलायचा नाही. डबा खाताना नाही, जिन्यात नाही. मी सही केली आणि कामाला लागले. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा खरेदी विभाग मी सांभाळते. आमची मोठी मशीन तैवानहून येतात. साहेब म्हणाले होते, "मॅडम, वरच्या पातळीचं चिनी शिकून या. पुढच्या मशीनची बोलणी माझ्या शेजारी बसून तुम्हीच करायची." त्या खुर्चीसाठी मी बिनपगारी रजा टाकली. त्याआधीची कितीतरी वर्षं रविवारी एसटीने पुण्याला जाऊन चिनी शिकले होते, ते गाठीशी होतंच.

मी बॅगेच्या यादीवर खुणा करत होते तेव्हा पारनेरहून आलेल्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या वयात चिनी शिकून कुनाशी भांडनार हाय तू? मराठीत काय कमी पडतंय व्हय?"

वर्गातली बाकीची मुलं माझ्या लेकीच्या वयाची. सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख, मग करारांची भाषा, आणि दुपारी एकटीला समोर बसवून बाईंची उलटतपासणी. बाई माझ्याहून लहान, पण चूक झाली की वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. मला खरेदीसाठी भाषा हवी आहे म्हटल्यावर त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: नकार ओळखणं. त्यांच्या व्यवहारात 'नाही' कुणी तोंडावर फेकत नाही. 'विचार करू' म्हणजे नाही. 'पुढे पाहू' म्हणजे नाही. 'जरा अडचणीचं आहे' म्हणजे तर पक्कं नाही, आता विषय बदला. बाई विक्रेत्या व्हायच्या आणि मी खरेदीदार. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी छान बोलणी केली, माल पोचण्याची तारीखही ठरवली. बाई म्हणाल्या, "मी मघापासून नकार देतेय. तुम्ही आभार मानताय."

मग मी तक्ता केला. कोणतं वाक्य, कोणत्या सुरात, समोरचा कुठे बघत होता. संध्याकाळी खोलीवर घोकत बसायचे. लेकीशी फोनवर बोलताना मराठी अडखळायचं, तशी ती हसायची. परत यायच्या सुमारास बाईंचा एकही नकार माझ्या हातून सुटत नव्हता. शेवटच्या दिवशी बाईंनी मला चहा पाजला. मला वाटलं, झालं, खुर्ची मिळाली.

परत आले तर साहेब म्हणाले, "वेळेवर आलात. तैवानचे पाहुणे गुरुवारी येताहेत. मीटिंगला आमचा मेहुणा बसेल. त्याच्या मोबाईलमध्ये बोललं की लगेच भाषांतर येतं. तुम्हाला कशाला त्रास? दुपारी त्यांना शिंगणापूर दाखवा. तुमच्याशिवाय कोण सांगणार त्यांना?"

मग मी शिंगणापूर दाखवलं. करारांच्या भाषेसाठी घासलेल्या जिभेने तेल कुठे वाहायचं, चपला कुठे काढायच्या, घरांना दारं का नाहीत, हे सांगितलं. परतताना उसाच्या रसाला थांबलो. त्यांच्यातले वयस्कर इंजिनिअर हळूच म्हणाले, "तुमच्या साहेबांना राग तर नाही ना आला? दिवाळीआधी मशीन देणं जरा अडचणीचं आहे, हे आम्ही सकाळी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते दर वेळी हसून हात मिळवत होते."

पाहुण्यांना हॉटेलवर सोडून मी थेट केबिनमध्ये गेले. "साहेब, दिवाळीआधी मशीन येणार नाही. त्यांनी नाही म्हटलंय."

मेहुण्याने मोबाईल पुढे केला. "ताई, हे बघा की. 'जरा अडचण आहे.' जरा. अडचण कुणाला नसते?"

साहेब हसले. "मॅडम, खुर्ची मिळाली नाही म्हणून मशीन अडवू नका."

दिवाळी झाली. मशीन आलं नाही. त्या मशीनच्या भरवशावर घेतलेली ऑर्डर गेली. सगळ्या विभागप्रमुखांसमोर साहेब मला म्हणाले, "दिवसभर गाडीत तुम्हीच होता ना त्यांच्याबरोबर? नीट विचारून घ्यायचं होतं." केबिनमध्ये मी काय सांगितलं होतं, ते मेहुण्याला आठवलं नाही. मी आठवण करून दिली, तर साहेब म्हणाले, "जाऊ द्या, आता वाद नको," आणि वाद मी घातला असं ठरलं.

नंतर साहेबांच्या नावाने नवी तारीख मागणारा चिनी मेल मलाच लिहायला सांगितला. बाईंनी वाचला असता तर एकही वाक्य परत म्हणायला लावलं नसतं, असा लिहिला. उत्तर आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर मराठीत वाचायला लावलं. तारीख मिळाली होती. खाली साहेबांना उद्देशून लिहिलं होतं, आपलं चिनी इतकं सुसंस्कृत आहे हे त्या दिवशी आम्हाला कळलंच नाही, पुढच्या भेटीत मोबाईल बाजूला ठेवून आपल्याशीच बोलायला आवडेल. मी शब्दही न गाळता वाचलं. मेहुण्याने टाळी वाजवली. साहेब म्हणाले, "प्रिंट काढा याची."

पाहुणे पुढच्या महिन्यात येताहेत. सुरुवातीला बोलायला म्हणून साहेबांनी माझ्याकडून स्वागताची दोन वाक्यं लिहून घेतली आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतर मी केबिनमध्ये जाते आणि उभ्या उभ्या ती त्यांच्याकडून म्हणून घेते. सूर अजून लागत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते.