दहा गप्प रीड्स

शमाताईंनी फुंकर मारली आणि एकाच भोकातून दोन सूर बाहेर आले. त्यांनी माउथ ऑर्गन तोंडापासून लांब धरला, उलटसुलट करून पाहिला, पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

"काय ओ तांडेल, काय केलंत ह्याचं? मागच्या आठवड्यात बरा होता. आता आत दोन जावा भांडतायत."

तांडेल सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाद्य शेवटचं माझ्या हातून गेलं होतं.

सरांचा गाळा अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. सर वेसाव्याचे कोळी. आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं बनवण्यात काढलं, रिटायर झाल्यावर माउथ ऑर्गन बनवायला लागले. मी गडचिरोलीकडची. आठवीनंतर शाळा सुटली, जोगेश्वरीला मावशीकडे आले, इमिटेशन ज्वेलरीच्या कामाला लागले. तिथे कानस चालवायला शिकले. ती कानस बघूनच सरांनी मला घेतलं. सर्टिफिकेट मागितलं नाही. एक पितळी पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "कागदाइतकी पातळ कर." मी केली. आई फोनवर अजून विचारते, "काय व, तू बाजा बनवतेस का वाजवतेस?"

माउथ ऑर्गनच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना रीड म्हणतात. हवा लागली की रीड थरथरते आणि सूर येतो. टोकाशी कानस मारली की सूर चढतो, बुडाशी मारली की उतरतो. रीडचं टोक प्लेटपासून केसभर वर असतं. ती फट म्हणजे गॅप. गॅप बरोबर असेल तर रीड हलक्या श्वासाला बोलते. जास्त असेल तर गप्प बसते.

आता मींड. गाणारा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरगुंडीसारखा येतो, मध्ये कुठे तुटत नाही, ती मींड. साध्या माउथ ऑर्गनवर काही सूर श्वास ओढून थोडे वाकवता येतात, बाकीचे जागचे हलत नाहीत. शमाताई नाहूरला राहतात, शाळेतून रिटायर झाल्यात, मुलुंडच्या एका गुरुजींकडे गाणं शिकतात. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं होतं, "मींड येत नाही तोवर हे खेळणं माझ्यासमोर आणायचं नाही." आणि परवा, रविवारी, गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. ताईंनी हट्टाने आपलं नाव दिलं होतं. गाण्यासाठी नाही, वाजवण्यासाठी.

सरांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. ते महिनोन् महिने ताईंना समोर बसवून एकच मींड गायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग उठून मशीनवर जायचे. फसलेले सोळा नमुने एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. हा सतरावा. ह्यात त्यांनी दहाही भोकांत एकेक जादा रीड बसवली होती. तिला ते सोबतीण म्हणायचे.

वाद्य पुसून, तपासून ठेवायचं काम माझं. गुरुवारी मी ते हवा देऊन तपासायला पायाच्या भात्यावर लावलं. सर जावयाला आणायला एअरपोर्टला गेले होते. दहाही सोबतिणी मुक्या! माझी वाटच लागली. वाटलं, बसवताना माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. सर यायच्या आत मी दहांचे गॅप कमी केले. सगळ्या खणखणीत बोलायला लागल्या. मी खूश.

आणि आता शुक्रवारी दुपारी शमाताई दोन जावांचं भांडण ऐकत बसल्या होत्या.

"सर, मी केलं," मी म्हटलं. "सोबतिणी वाजत नव्हत्या. मी दुरुस्त केल्या."

"दहाही?"

"दहाही."

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्या वाजायच्या नसतातच! मेन सूर वाकायला लागला, की मगच त्यांनी हळूच हात द्यायचा. एरवी गप्प. जाळ्याला भोकं असतात म्हणून कोणी ती शिवत बसतं का गं? तू अख्खं जाळं शिवून टाकलंस!"

शमाताई हसल्या. मला रडू येत होतं. काम गेलंच असं धरून मनात पिशवी भरून झाली होती.

सरांनी ड्रॉइंगचा कागद ओढला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला.

"ह्यात कुठे लिहिलंय, की त्या गप्प राहायला हव्यात?"

"नाही लिहिलं."

"तोंडी सांगितलं होतं?"

"नाही सर."

"मग अर्धी चूक माझी. अर्धी तुझी, विचारलं नाहीस म्हणून. बस आता कुंदा, शिवलेलं सोडव."

"मी?"

"माझा हात थरथरतो हल्ली. तुझा नाही."

"आत्ता थरथरतोय, सर."

"मग पाणी पी आणि बस."

हे काम भात्यावर होत नाही. भाता एकसारखा फुंकतो, माणूस नाही. म्हणून ताईंनी वाजवायचं, मी उघडायचं, टोक केसभर उचलायचं, बंद करायचं, ताईंनी पुन्हा वाजवायचं. गॅप जास्त झाला तर सोबतीण हात देतच नाही, कमी झाला तर आगाऊपणा करते. ताई एकदाही वैतागल्या नाहीत. "होईल गो बाय, घाई नको," म्हणत राहिल्या. सर मागे उभे राहून फक्त ऐकत होते. चार वेळा म्हणाले, "अजून नाही." ज्या माणसाला सूर ओळखता येत नाही, त्याला तो कुठे तुटतो ते नेमकं कळत होतं. ह्याचं मला अजूनही नवल वाटतं.

सातवं भोक ऐकेना. तिथेच ताईंना हवी ती जागा होती, मध्यमावरून कोमल गंधारावर येण्याची. अकरा वेळा उघडलं. बाराव्यांदा ताईंनी श्वास ओढला आणि सूर खाली आला. पायरीने नाही. दोरीवरचा पाण्याचा थेंब सरकतो तसा. गंधारावर पोचून तो जरा हलला आणि थांबला.

ताईंनी डोळे उघडले नाहीत. सर म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

रविवारी संध्याकाळी ताईंचा गाळ्यावर फोन आला. वाजवून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "ती गंधाराची जागा पुन्हा घ्या." ताईंनी पुन्हा घेतली. "आणा मग हे क्लासला," एवढं बोलून त्यांनी पुढच्या शिष्याला बोलावलं. फोन स्पीकरवर होता, तरी सर पाठ करून कानसच शोधत राहिले.

सोमवारी ड्रॉइंगवर सरांच्या अक्षरात लाल पेनाने एक ओळ होती : ह्या दहा वाजू नयेत. त्याखाली : कुंदाला विचारा.

धडा साधा आहे. गप्प बसलेली प्रत्येक रीड बिघडलेली नसते, आणि हत्यार उचलायच्या आधी तोंड उघडावं. मी आता इतकं विचारते, की परवा सर म्हणाले, "कुंदा, चहात साखर घालू का, ते तेवढं तुझं तू ठरव."