अमीरबीचे पट्टे

चाकूरच्या पेठेत मोहरमला नाचणाऱ्या माणसाच्या अंगावर वाघ रंगवावा तर जिलानी पेंटरनंच, असं लोक छातीठोक सांगायचे. साफ खोटं. जिलानीचे डोळे कधीचेच अधू झाले होते. तो नुसता रंग कालवायचा. पडद्याआड पट्टे ओढायची ती त्याची बायको, अमीरबी. नाचाआधी अलाव्यावर, मोहरमच्या खड्ड्यातल्या आगीपुढं, वाघ आपल्याला रंगवणाऱ्याच्या पायाशी पंजा टेकवतो, तो मान मात्र दरसाल खुर्चीत बसून जिलानी घ्यायचा. अमीरबी घरात बसून हलगी ऐकायची.

औंदा जिलानी राहिला नाही. अमीरबीनं पडदा काढून टाकला अन् रंगाच्या वाट्या सरळ ओसरीवर मांडल्या. पुढ्यात बसला नवसाचा वाघ, शेतकरी सटवाजी. तो तिला बहीण मानायचा, अन् खरं काय ते त्याला ठाऊक होतं.

पट्ट्यांच्या बाबतीत बाई महाहट्टी. डाव्या कुशीसारखी उजवी होऊ द्यायची नाही.

"अल्लानं एका वाघासारखा दुसरा केला न्हाई भाऊ, मी कशाला छाप मारू?"

पोट पांढरं, गाल पांढरे, शेवटी कानांमागं एकेक पांढरा टिपका. तोंड रंगलं की आंघोळीपर्यंत वाघानं माणसासारखं बोलायचं नाही, असा रिवाज. एक कान तेवढा राहिला अन् पेठेचे कारभारी अमृतराव पाटील आले, बगलेत कापडाचा शिवलेला वाघ घेऊन.

"बाईमाणसाचा हात लागलेला वाघ अलाव्यावर यायचा न्हाई. सटवाजी, पूस ते. हे चढव."

अमीरबीनं कापड उलगडलं. अंगभर ठिपके.

"पाटील, ह्यो बिबट्या हाय."

"बिबट्या बी वाघच की. लोकायला नाच पाहिजे."

सटवाजीला तर बोलायची बंदी. तिलाच बोलावं लागणार होतं. तिनं ब्रश पुन्हा पांढऱ्या रंगात बुडवला.

"बाईच्या हातानं वाघ बाटत असंल, तर तुम्ही कैक वर्षं बाटकाच नाचवून राहिले. जिलानीला दिसतच नव्हतं. पट्टे माझे हायेत."

ओसरीखाली जमलेल्या माणसांनी ते ऐकलं.

"आता लोकायला काय सांगू मी?" पाटील म्हणाले.

"खरं सांगा." तिनं राहिलेला कान रंगवला.

हलगी कडाडली तशी अमीरबीनं चपला घातल्या अन् जन्मात पहिल्यांदा अलाव्यावर गेली, बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. जिलानीच्या खुर्चीत अमृतराव ऐसपैस बसले होते. पट्ट्यांचा वाघ समोर येताना बघून त्यांनी पाय जरा पुढं केला. वाघ खुर्चीला वळसा घालून निघाला, बायका बाजूला झाल्या, अन् पंजा अमीरबीच्या पायाशी टेकला.

ती पाय मागं घेणार होती. घेतला नाही.